खिडकीबाहेरचं पिंप

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. गणपतीचं विसर्जन होऊन चार-पाच दिवस झाले असतील. पाऊस थांबून थांबून पडत होता. सकाळी दहाच्या सुमारास बेल वाजली. महापालिकेच्या आरोग्य खात्यातल्या दोन बायका दारात उभ्या होत्या. एकीच्या हातात टॉर्च, दुसरीच्या हातात वही. घरात साठवलेलं पाणी बघायचं आहे, म्हणाल्या. मी कादंबरीची प्रुफं तपासत बसलो होतो. दार अर्धंच उघडून मी त्यांना सांगितलं, की आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, टाकी सोसायटीची आहे, तिला झाकण आहे आणि आमच्याकडे डास नाहीत. त्यातली वयाने मोठी होती ती काही बोलली नाही. तिने वहीत काहीतरी लिहिलं आणि दोघी जिना चढून वर गेल्या.

त्यानंतर दोन आठवडे झाले नसतील, माझ्या सात वर्षांच्या नातीला ताप आला. डेंग्यू निघाला. पाच दिवस हॉस्पिटलात काढले. रोज सकाळी प्लेटलेट्सचा आकडा यायचा. बँकेत अडतीस वर्षं मी आकडेच वाचले. पण आकड्याचा कागद हातात घेताना हात थरथरावा, असं तोपर्यंत कधी झालं नव्हतं. पोर बरी होऊन घरी आली. त्या संध्याकाळी बऱ्याच दिवसांनी लिहिण्याच्या टेबलाशी बसलो आणि खिडकीत ठेवलेल्या मनीप्लँटच्या बाटलीकडे लक्ष गेलं. पाण्यात बारीक अळ्या वळवळत होत्या. काही कोषात गेल्या होत्या. दोन-चार रिकामी टरफलं पाण्यावर तरंगत होती, म्हणजे त्यांतले डास केव्हाच उडून गेले होते. नातीला चावला तो डास याच बाटलीतला, हे कोणाला सिद्ध करता येणार नाही. नव्हता, हेही मला म्हणता येत नाही.

यातला खरा शरमेचा भाग पुढेच आहे. त्या बाटलीपासून हातभर अंतरावर माझी टिपणांची वही पडली होती, आणि ती टिपणं होती सर रोनाल्ड रॉस या माणसाची. डासांपासून हिवताप होतो हे ज्याने दाखवून दिलं, त्याच्या आयुष्यावर कादंबरी लिहावी असं माझ्या डोक्यात वर्षभर घोळत होतं. कादंबरी अजून झालेली नाही. होईल असंही वाटत नाही. पण त्या बाटलीने रॉसचं आयुष्य मला निराळंच दिसू लागलं, ते सांगायला हवं.

रॉस जन्मला आपल्याच देशात, अल्मोड्याला, १३ मे १८५७ रोजी. मेरठचा उठाव होऊन तीन दिवस झाले होते. बाप इंग्रजी फौजेत अधिकारी, पुढे जनरल झाला. दहा भावंडांत रॉस थोरला. आठव्या वर्षी त्याला शिक्षणासाठी विलायतेला धाडलं. मुलाला व्हायचं होतं चित्रकार, कवी, लेखक. बापाने ठरवलं डॉक्टर. हा प्रकार आपल्याकडे नवा नाही. माझ्या वडिलांनीही मला बँकेच्या परीक्षेला बसवलं तेव्हा माझी पहिली कथा नुकतीच छापून आली होती. रॉस लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू हॉस्पिटलात दाखल झाला, पण लक्ष कवितेत आणि संगीतात. परीक्षेत एकदा आपटला, काही काळ बोटीवर डॉक्टर म्हणून नोकरी केली, पुन्हा परीक्षा दिली आणि १८८१ मध्ये इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल होऊन हिंदुस्थानात परतला.

नोकरीत काम थोडं आणि वेळ भरपूर. रॉस कविता लिही, कादंबऱ्या लिही, गणितं सोडवी. १८८९ मध्ये त्याची एक कादंबरी प्रसिद्धही झाली. आज ती कोणी वाचत नाही. साहेबाच्या खुर्चीत बसून टेबलाच्या खणात हस्तलिखित ठेवणारा हा मनुष्य मला पहिल्या पानापासून ओळखीचा वाटला.

१८८३ मध्ये त्याची नेमणूक बंगळूरला होती. राहायला बरा बंगला मिळाला, पण डासांनी जीव नकोसा झाला. आपल्याच खोलीत एवढे डास कुठून येतात म्हणून तो शोधू लागला, तेव्हा खिडकीबाहेर ठेवलेल्या पाण्याच्या पिंपात त्याला वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या. त्याने पिंप उपडं केलं. डास एकदम कमी झाले. हर्षभराने त्याने ही गोष्ट पलटणीतल्या अधिकाऱ्याला सांगितली आणि मेसच्या आसपासची भांडीही रिकामी करू या म्हणाला. त्या अधिकाऱ्याने त्याला उडवून लावलं. देवाने डास निर्माण केले ते काही हेतूनेच, माणसाने सोसावं, असा एकूण सूर होता. रॉस त्या वेळी सव्वीस वर्षांचा होता. डासांचा हिवतापाशी काही संबंध आहे याची त्याला तेव्हा कल्पनासुद्धा नव्हती. पण मला आता वाटतं, की त्याच्या आयुष्याची सगळी कथा या एका प्रसंगात येऊन गेली आहे. पिंप उपडं करायला त्याला काही क्षण लागले. शेजारच्या माणसाला ते पटवायला उरलेलं आयुष्य पुरलं नाही.

हिवतापाचा परोपजीवी जीव रोग्याच्या रक्तात असतो, हे फ्रेंच लष्करी डॉक्टर लाव्हेराँ याने १८८० मध्ये अल्जीरियात पाहिलं होतं. रॉसचा मात्र त्यावर विश्वास नव्हता, कारण त्याला स्वतःला तो कधी दिसला नव्हता. १८९४ मध्ये रजेवर लंडनला गेला असताना पॅट्रिक मॅन्सन या वडीलधाऱ्या डॉक्टरने त्याला सूक्ष्मदर्शकाखाली तो दाखवला आणि आपली शंका सांगितली : हा जीव डासाच्या पोटात जात असावा. पुढे काय होतं याबद्दल मॅन्सनचा तर्क चुकीचा होता. डास पाण्यात मरतो आणि ते पाणी पिऊन माणसाला ताप येतो, असं तो समजत होता. पण दिशा बरोबर होती. रॉस झपाटला. १८९५ च्या एप्रिलात तो परतला तेव्हा बोटीतून सामान सुटण्याआधीच मुंबईच्या इस्पितळात हिवतापाचे रोगी शोधत गेला, असं सांगतात. पुढची चार वर्षं त्याने मॅन्सनला शंभराहून अधिक पत्रं लिहिली. आपली वरिष्ठांशी धुसफूस, निराशा, बढाया, सारं काही त्यांत आहे.

त्याला डासांची शास्त्रीय नावं ठाऊक नव्हती. त्याने आपली नावं ठेवली होती : करडे, पट्टेरी आणि ठिपक्यांच्या पंखांचे. आपल्या घरातल्या डासांची ओळख करून घ्यायला ही नावं आजही पुरतात. करडा तो क्युलेक्स. घाण पाण्यात, गटारात, शोषखड्ड्यात वाढणारा, रात्री कानाशी गुणगुणणारा; हत्तीरोग त्याच्याकडे. पट्टेरी तो एडिस. काळा अंग, पायांवर पांढरे पट्टे. दिवसा, बहुधा सकाळी आणि संध्याकाळी चावतो, आणि त्याला आपल्या घरातलं स्वच्छ साठवलेलं पाणीच आवडतं. डेंग्यू आणि चिकुनगुन्या त्याचे. ठिपक्यांच्या पंखांचा तो ॲनॉफिलिस, भिंतीवर बसला की पाठीमागचा भाग उंच उचलून तिरका बसतो. हिवताप त्याचा. चावते ती फक्त मादी. अंडी घालण्यासाठी तिला रक्त लागतं. रॉसने दोन वर्षांहून अधिक काळ करडे आणि पट्टेरी डास रोग्यांना चाववले, त्यांची पोटं फाडून पाहिली आणि हाती काही लागलं नाही. त्याला निरुपयोगी ठरलेल्या त्या पट्टेरी डासाचीच पिल्लावळ माझ्या बाटलीत वाढत होती.

मधल्या काळात पटकीच्या साथीसाठी त्याला बंगळूरला पाठवलं. निलगिरीच्या सिगूर घाटात डास शोधायला गेला, तर स्वतःच हिवतापाने पडला. १८९७ च्या जूनमध्ये तो सिकंदराबादला परत आला. हा महिना आपण मराठी माणसं विसरू शकत नाही. त्याच महिन्याच्या २२ तारखेला पुण्यात चाफेकर बंधूंनी रँडला गोळी घातली. प्लेगच्या तपासणीच्या नावाखाली गोरे शिपाई लोकांच्या माजघरात, देवघरात शिरले होते, त्याचा तो सूड होता. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नव्हता. पण पुढे तो लागला.

ऑगस्टचा उकाडा. बेगमपेठेतल्या लहानशा इस्पितळात रॉस दिवसभर सूक्ष्मदर्शकावर वाकून बसे. पंखा लावता येत नसे, कारण फाडलेले डास वाऱ्याने उडून जात. कपाळावरच्या घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले होते. अशात त्याच्या माणसाने कुठून तरी अळ्यांची एक बाटली आणून दिली आणि त्यातून ठिपक्यांच्या पंखांचे डास निघाले. हुसेन खान नावाचा हिवतापाचा रोगी होता. एका डासाचा चावा घेऊ दिला की एक आणा, असा व्यवहार ठरला होता. १६ ऑगस्टला ते डास त्याला चावले. एकेक डास मरत गेला, एकेक फाडला गेला. २० ऑगस्टला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते. दुपारी त्यांतल्या एकाच्या जठराच्या भिंतीत रॉसला काळसर कण असलेली एक गोल पेशी दिसली. ते कण हिवतापाच्या जीवाचे होते. दुसऱ्या दिवशी दुसरा डास फाडला, तर त्या पेशी मोठ्या झालेल्या होत्या. म्हणजे तो जीव डासाच्या पोटात वाढत होता. आनंदाच्या भरात रॉसने कविता लिहिली. कवी म्हणून त्याची जी काही आठवण उरली आहे, ती या कवितेमुळे. २० ऑगस्ट हा दिवस अजून जगभर डास दिन म्हणून पाळतात. हुसेन खानाच्या आण्यांचा मी हिशेब मांडून पाहिला. वैद्यकाच्या इतिहासात याहून स्वस्त व्हाउचर क्वचितच असेल.

आता बक्षीस काय मिळावं? महिन्याभरात बदलीचा हुकूम आला. आधी मुंबई आणि तिथून राजपुतान्यातलं खेरवाडा, जिथे हिवताप जवळजवळ नव्हताच. हे वाचताना मी एकटाच हसलो. १९८७ मध्ये मलाही प्रमोशनबरोबर गडचिरोलीकडच्या एका शाखेत पाठवलं होतं. फरक इतकाच, की तिथे हिवताप भरपूर होता आणि पहिल्याच पावसाळ्यात मी थंडीने कुडकुडत तीन घोंगड्यांखाली पडून होतो. रॉसने मॅन्सनमार्फत खटपट केली आणि १८९८ च्या फेब्रुवारीत त्याला कलकत्त्यात प्रयोगशाळा मिळाली.

तिथे पुण्याचा धागा येऊन मिळतो. प्लेगच्या टोचणीच्या धास्तीने कलकत्त्यातले लोक सरकारी डॉक्टरला बोट टोचू देत ना. पैसे देऊनही माणूस मिळेना. तेव्हा रॉस पक्ष्यांकडे वळला. चिमण्यांना, चंडोलांना हिवतापासारखाच एक आजार होतो आणि तो पसरवतो करडा डास. महंमद बक्ष हा त्याचा नोकर डास आणि पक्षी गोळा करी. किशोरीमोहन बंदोपाध्याय हा तरुण बंगाली मदतनीस होता. त्याला पुढे इंग्लंडच्या राजाने सुवर्णपदक दिलं. जुलै १८९८ मध्ये रॉसला तो जीव डासाच्या लाळेच्या ग्रंथीत सापडला. निरोगी चिमण्यांना ते डास चाववले आणि चिमण्या आजारी पडल्या. पाणी पिऊन नव्हे, डासाच्या सोंडेतून रोग येतो, हे सिद्ध झालं. त्याच वर्षाअखेरीस ग्रासी आणि त्याच्या इटालियन सहकाऱ्यांनी माणसाच्या हिवतापात ॲनॉफिलिसचं हेच चक्र दाखवलं.

त्यानंतरचा रॉस सांगणं मला जड जातं. १९०२ चं नोबेल त्याला मिळालं. १९११ मध्ये तो सर झाला. पण ग्रासीशी त्याने आयुष्यभर वैर धरलं. ज्या मॅन्सनने त्याला बोट धरून इथवर आणलं, त्याच्यावरही १९१२ मध्ये एका शिफारसपत्रावरून अब्रुनुकसानीच्या दाव्याचं हत्यार उपसलं. सरकारने आपल्या शोधाचा मोबदला द्यावा म्हणून अर्ज केले, ते फेटाळले गेले. म्हातारपणी आपली कागदपत्रं त्याने विकली. शेजारी राहायला आला असता तर मला तो परवडला नसता.

तरीही एका बाबतीत तो शेवटपर्यंत खरा राहिला. बंगळूरचं पिंप तो विसरला नाही. १८९९ मध्ये नोकरी सोडून तो लिव्हरपूलला गेला आणि तिथून आफ्रिकेत फ्रीटाउनला. शोध लागला, आता पुढे काय, याचं त्याचं उत्तर सोपं होतं : झाडू, घमेलं, घासलेट आणि चार माणसं घेऊन घराघरात जायचं, साठलेलं पाणी ओतून द्यायचं, डबकी बुजवायची, जे बुजवता येत नाही त्यावर तेल टाकायचं. अशा टोळ्या कशा उभाराव्यात यावर त्याने पुस्तिकाच लिहिली. सुवेझ कालव्यावरच्या इस्माइलिया गावात वर्षाला दोन हजारांच्या आसपास लोकांना हिवताप होई. १९०२ मध्ये रॉसच्या सल्ल्याने तिथे काम सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी आकडा दोनशेच्या घरात आला. पण हिंदुस्थानात, लाहोरजवळच्या मियां मीर छावणीत असाच प्रयोग अपुऱ्या पैशांत आणि लहान जागेत केला गेला, तो फसला आणि डास मारून उपयोग नाही असा निष्कर्ष निघाला. रॉस संतापला, पण शिक्का बसला तो बसला.

डास बाहेरून उडून येतात, आपण आपल्या घरातले मारून काय होणार, हा आक्षेप तेव्हाही होता. आमच्या सोसायटीच्या सभेत दर पावसाळ्यात तो अजून निघतो आणि पलीकडच्या नाल्याकडे बोट दाखवून सभा संपते. रॉसने त्याला गणिताने उत्तर दिलं. १९०४ मध्ये त्याने मांडलं, की डास वाटेल तिकडे भरकटत उडतो, त्यामुळे बहुतेक डास जन्मले त्या जागेच्या आसपासच राहतात. पट्टेरी डास तर सहसा चारशे मीटरच्या पलीकडे जात नाही. पुढे मॉरिशसच्या पाहणीनंतर त्याने आणखी एक गोष्ट दाखवली. सगळे डास मारण्याची गरजच नाही. बँकेच्या भाषेत सांगतो. एक रोगी बरा होईपर्यंत डासांमार्फत सरासरी एकाहून अधिक माणसांना आजार देत असेल, तर ते खातं चक्रवाढीने वाढत जाणार. एकाहून कमी माणसांना देत असेल, तर हळूहळू आपोआप बंद पडणार. डासांची संख्या त्या रेषेच्या खाली आणली की पुरे. करोनाच्या काळात वर्तमानपत्रांतून रोज छापून येणाऱ्या आकड्यामागे हाच विचार होता.

मुंबईत हे निराळ्या वाटेने प्रत्ययाला आलं. १९०९ ते १९११ या काळात डॉ. बेंटली यांनी शहरातल्या हिवतापाचा तपास केला, तेव्हा डास निघाले ते घरोघरच्या विहिरींतून. विहिरी झाका म्हटल्यावर धर्माचे प्रश्न उभे राहिले. त्यानंतर डी.डी.टी. आलं. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होई, असा अंदाज होता. १९६५ पर्यंत तो आकडा एक लाखावर आला. लोकांना वाटलं, संपलं. फवारणी ढिली पडली, डास औषधाला सरावले आणि १९७६ मध्ये चौसष्ट लाख रुग्ण झाले. आता तो आकडा पुन्हा बराच खाली आला आहे. हिवतापावरची एक लस आपल्या पुण्यातच तयार होते आणि आफ्रिकेतल्या मुलांना दिली जाते. पण माझ्या मनीप्लँटच्या बाटलीत जे होतं, त्यावर त्या लसीचा काही इलाज नाही. फवारणीच्या धुरानेही बाटलीतल्या अळीचं काही बिघडत नाही. ते पाणी ओतावंच लागतं.

कधी ओतायचं, याचं उत्तर डासाच्या आयुष्यक्रमात आहे. आपल्या हवेत अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातला एक दिवस कोरडा पाळायचा : पिंप, बादल्या, फुलदाण्या, कुंड्यांखालच्या बशा, कूलर रिकामे करायचे आणि नुसते रिकामे करून न थांबता आतून घासायचे. पट्टेरी डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडीसुद्धा महिनोन्‌महिने तग धरतात आणि पाणी लागलं की पुन्हा सुरू होतात. जे रिकामं करता येत नाही त्याला घट्ट झाकण किंवा बारीक जाळी, आणि मोठा हौद असेल तर त्यात गप्पी मासे.

यात अवघड काहीच नाही, आणि शंभर वर्षांहून अधिक काळ हे होत नाही. त्याचं कारण मी माझ्याच दारात पाहिलं. हे काम घरात शिरून करावं लागतं आणि घरात शिरणाऱ्या सरकारी माणसाला आपण आत घेत नाही. पुण्याच्या लोकांचा राग रास्त होता; त्यांच्या घरात शिपाई बळजबरीने शिरले होते. माझ्या दारात मात्र दोन बायका पावसात भिजत, परवानगी मागत उभ्या होत्या. आमच्याकडे डास नाहीत, असं मी त्यांना पिंपावर हसणाऱ्या त्या अधिकाऱ्याच्याच थाटात सांगितलं होतं.

रॉस १९२७ मध्ये अखेरचा हिंदुस्थानात आला. कलकत्त्याच्या ज्या इस्पितळाच्या आवारात त्याने चिमण्या तपासल्या, तिथल्या त्याच्या स्मारकाच्या दरवाजाचं उद्‌घाटन त्याच्यासमोर झालं. १६ सप्टेंबर १९३२ रोजी लंडनमध्ये तो गेला. त्याच्या कादंबऱ्यांचं काही झालं नाही, हे मी मनाशी नोंदवून ठेवलं आहे.

मागच्या पावसाळ्यात त्या दोघीजणी पुन्हा आल्या. मी दार पूर्ण उघडलं. कोरडा दिवस मी वर्षभर पाळत होतो आणि ते त्यांना दिसावं, अशी माझी इच्छा होती. मनीप्लँट आता मातीत लावला आहे, तोही दाखवला. नात टॉर्च धरायला त्यांच्या मागे मागे फिरत होती. मोठ्या बाईंनी सगळं घर पाहिलं, मान डोलावली आणि मग स्वयंपाकघरात जाऊन आमच्या जुन्या फ्रिजच्या मागचा ट्रे ओढून काढला. त्यात दोन बोटं पाणी होतं. नातीने त्यावर टॉर्च धरला. पाण्यात पाच-सहा अळ्या खालीवर करत होत्या. बाईंनी तो ट्रे माझ्या हातात दिला आणि मी तो मोरीत नेऊन ओतला.